उजवा कौल

गुरुवारी सव्वादहा वाजता माझी बायको वर्गात फळ्यावर लिहीत होती. खडू ठेवून ती खुर्चीत बसली. मुलांनी शेजारच्या वर्गातून बाईंना बोलावून आणलं. मी इस्पितळात पोचलो तेव्हा ती गेली होती.

त्या दिवसाबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल सांगितलं. भेटायला येणारे विचारत, आधी काही त्रास होता का, डोकं दुखायचं का. मी नाही म्हणत असे, आणि ते खरं होतं. मला लिहायचं आहे ते त्याच्या आठ महिने आधीच्या एका दिवसाबद्दल. त्या दिवशी मी खरं बोललो नाही.

आमचं घर डिचोलीत. मी एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, ती सरकारी मराठी शाळेत शिकवायची. आम्हाला मूल नाही. तिचे वडील सिंधुदुर्गातून इथल्या खाणींवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायला आले होते. खाणीवर माती भरायची, आमोण्याच्या धक्क्यावर बार्जमध्ये, मालवाहू बोटीत, ओतायची, परत यायचं. शाळेला सुटी असली की ती त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसायची. सोळा वर्षांची असताना एका रविवारी, खाणीचा रस्ता रिकामा बघून, त्यांनी तिच्या पाठीमागे उशी लावली आणि स्टिअरिंग तिच्या हातात दिलं. हे ती लग्नानंतर कितीतरी वर्षं सांगायची, आणि दर वेळी ती उशी कुठल्या रंगाची होती तेही सांगायची. खाणी बंद पडल्यावर सासरे सीमेपलीकडे आपल्या गावी परतले. ती इथे राहिली, माझ्यामुळे.

मला गाडी चालवता येत नाही. लग्न ठरताना हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात ती चालवायची आणि मी शेजारी बसून दरवाज्यावरची मूठ धरायचो.

"एक दिवस ती मूठ उपटून हातात येईल हो तुमच्या," ती म्हणायची. "मग काय धराल? माझा गळा?"

लंकेची गोष्ट सुरू झाली मांद्र्याला. माझी थोरली बहीण तिथे राहते. घराच्या मागच्या चार खोल्या ती पाहुण्यांना देते. त्या नाताळात तिच्याकडे एक बाई उतरली होती, पन्नाशीची, एकटी. ती श्रीलंकेत आठवडाभर स्वतः गाडी चालवून आली होती. तिने फोनवर फोटो दाखवले. चहाच्या मळ्यांमधून रस्ता वर चढत होता, बाजूने धबधबा पडत होता, आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. माझ्या बायकोने तो फोन बराच वेळ हातात धरला. तिने डोंगराबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तिथे गाड्या कुठल्या बाजूने चालवतात. डाव्या, म्हणजे आपल्यासारख्याच, असं कळल्यावर ती माझ्याकडे बघून हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वडिलांची एक जुनी ट्रीपची वही तिच्याकडे होती. टिपरवाले दिवसभराच्या खेपा लिहून ठेवत. भरणा कुठे, उतरण कुठे, वेळ किती, असे तीन रकाने पट्टीने आखलेले. वहीची निम्मी पानं कोरी होती. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की ती गोल उंडे घ्यायला खाली उतरायची, चहाबरोबर एक खायची आणि ती वही उघडून मेजापाशी बसायची. पहिली खेप: भरणा विमानतळ, उतरण कँडी. दुसरी: कँडी ते नुवारा एलिया. तिसरी: एला. मग दक्षिणेला खाली उतरून समुद्र, आणि किनाऱ्याने परत. एप्रिलच्या सुटीतले पाच दिवस, पाच खेपा. वेळेचा रकाना तिने मोकळा ठेवला होता. बाबा वेळ नेहमी पोचल्यावर लिहीत, आधी कधी नाही, म्हणून.

नुवारा एलियाच्या चढावरची वळणं तिने मागवलेल्या कागदी नकाशावर पेन्सिलीच्या टोकाने मोजली. दोनदा मोजली, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, तिसऱ्यांदा मला मोजायला बसवलं. मी मोजता मोजता मध्येच थांबलो. मला मेजापाशी बसल्या जागी गरगरत होतं.

लंकेचं आम्ही बहिणीला सांगितलं तेव्हा ती पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती.

"लंकेत?" ती म्हणाली. "गो, तिथं बायकांना पळवून नेतात ना?"

"वन्स, मला कोण पळवणार? पळवायचं झालं तर मीच ह्यांना पळवून नेणार आहे. नाहीतरी हे आपल्या पायांनी घराबाहेर पडत नाहीत."

"त्याला ने बाई. ने आणि तिथेच ठेव. येताना चहापत्ती घेऊन ये." मग चादर झटकत ती गंभीर झाली. "पण देवाला विचारलंत? समुद्र ओलांडून जायचं तर आपल्याकडे कौल घेतल्याशिवाय जात नाहीत. आपले बाबा आखाताला निघाले तेव्हा घेतला होता."

हे खरं होतं. आमचं मूळ गाव पेडण्यातलं हळर्ण, आणि ग्रामदेव तिथला. घरात लग्न असो, विहीर खणायची असो, कुणी परदेशी निघालेलं असो, देवाला विचारायची पद्धत आहे. देवाच्या मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी पुस्तकात वाढलेला माणूस. ओली पाकळी सुकली की पडते, एवढंच मी मानतो. बायको मात्र मानायची. तिच्या माहेरीही हीच रीत.

"विचारा," ती मला म्हणाली. "देव नाही म्हणाला तर वही बंद. मी एक शब्द बोलणार नाही."

तिच्या शाळेत त्या आठवड्यात परीक्षेची तयारी होती, रजा मिळत नव्हती. म्हणून फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी एकटाच दोन बस बदलून हळर्णला गेलो.

आता जे लिहितो ते मी बरेच महिने स्वतःशीही नीट म्हटलं नव्हतं. मला जायचं नव्हतं. तिच्या जिवाची भीती वाटत होती असं मी पुढे मनाला सांगत राहिलो, पण ती भीती माझी होती. परक्या देशात, डोंगराच्या कडेला, मी शेजारच्या सीटवर मूठ धरून बसलेला, भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, आणि ती आनंदाने गिअर बदलते आहे. त्या चित्रात मला माझी जागा सापडत नव्हती. हे तिला सांगितलं असतं तर ती हसली असती, दोन दिवस चिडवलं असतं, आणि कदाचित पाचाच्या तीन खेपा केल्या असत्या. मी सांगितलं नाही. देव ते काम करील असं मला वाटलं. ज्या देवाला मी मानत नव्हतो, त्याच्याकडे मी मनातून नकार मागायला गेलो होतो.

देवळात गुरवाशिवाय कुणी नव्हतं. तो माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही गावच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर एकत्र चढलेले. त्याने पाकळ्या पाण्यात बुडवून लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराची अस्तुरी दर्यापलीकडच्या मुलखात गाडी चालवूक जावक बघता. तुझी राजी असात तर उजवो दी, नसात तर डावो दी."

"व्हय महाराजा," मी म्हणालो. माझा एकट्याचाच आवाज होता.

माझा होकार संपतो न संपतो तोच उजवी पाकळी खाली आली.

"घे," गुरव म्हणाला. "देवान वेळ पण लावूक नाय." त्याने ती पाकळी उचलून माझ्या हातावर ठेवली, वर थोडा अंगारा दिला. "वयनीक सांग, येताना माका कायतरी घेवन ये म्हणान."

परतीच्या बसमध्ये पाकळी माझ्या मुठीत होती. शापोरा नदीच्या पुलावर बस हळू झाली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मूठ उघडली.

घरी पोचलो तेव्हा ती शाळेतून आली होती. अजून पर्स खांद्यावर होती.

"काय म्हणाला?"

"डावा," मी म्हणालो.

तिने पर्स खाली ठेवली. माझ्या हातातून अंगारा घेऊन कपाळाला लावला. मग मेजावरची वही उचलली, नकाशा घडी करून त्यात ठेवला आणि स्टुलावर चढून कपाटाच्या वर ठेवून दिली. स्टूल मी धरलं होतं.

"बरं," ती खाली उतरून म्हणाली. "देव नाही म्हणाला तर नाही." आणि कबूल केल्याप्रमाणे एक शब्द बोलली नाही.

एप्रिलच्या सुटीत आम्ही आठवडाभर मांद्र्याला राहिलो. बहीण म्हणाली, देवाने काहीतरी बघून ठेवलं असेल. बायको हो म्हणाली. संध्याकाळी ती गाडी घेऊन एकटीच केरीच्या बाजूला जायची आणि तासाभराने परत यायची. मी तिच्याबरोबर गेलो नाही, तिनेही चला म्हटलं नाही.

जून महिन्यात एकदा जेवताना तिने विचारलं, "त्या दिवशी पाकळी पडायला वेळ लागला का हो?"

"बराच वेळ लागला," मी म्हणालो.

"किती?"

"पंधरा-वीस मिनिटं असतील."

तिने माझ्याकडे बघितलं, भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि आमटी वाढू का विचारलं. मला वाटलं, तिच्या मनातून लंका अजून गेली नाही, म्हणून तिला तो दिवस आठवतो. मला वाईट वाटलं. पण त्याबरोबर सुटल्यासारखंही वाटलं, कारण खोटं सहज निघालं होतं आणि दुसऱ्यांदा बोलताना ते खऱ्यासारखं वाटत होतं.

ती ऑक्टोबरमध्ये गेली, दिवाळीची सुटी लागायला पंधरा दिवस असताना.

तेराव्यानंतर बहीण आठ दिवस माझ्याकडे राहिली. जाताना तिने घर झाडून काढलं, आणि कपाटावरची वही तिच्या हाती लागली. तिने ती मेजावर ठेवली. काय आहे हे तिला माहीत होतं, पण उघडली नाही. मी उघडली ती बहीण गेल्यावर, दोन-तीन दिवसांनी.

नकाशाच्या घडीत एक राखी पुस्तिका होती. दुसऱ्या देशात गाडी चालवायला लागतो तो परवाना. वाहतूक खात्याच्या कचेरीतून मिळतो आणि वर्षभर चालतो. आत तिचा फोटो होता, सरकारी फोटोत असतो तसा सरळ बघणारा. त्यावरची तारीख जुलैची होती.

मी ती तारीख पुन्हा पुन्हा वाचली. फेब्रुवारीत देव नाही म्हणाला होता. जुलैमध्ये तिने अर्ज केला होता, रांगेत उभी राहिली होती, फोटो काढला होता आणि मला सांगितलं नव्हतं. देवाचा शब्द मोडून ती निघणार होती का? एकटी? की मला शेवटच्या दिवशी सांगणार होती? मला एवढंच दिसत होतं, की जिने आयुष्यात देवाचा कौल कधी ओलांडला नाही, तिला मी माझ्या खोट्याने तो ओलांडायला लावत होतो. आणि हे बोलायला आता कुणी नव्हतं. ज्या एका माणसाला हे ऐकण्याचा हक्क होता तो तिचा बाप, आणि त्याला तोंड दाखवायला मला दोन महिने लागले.

जानेवारीत मी बसने सासऱ्यांच्या गावी गेलो. ते पायरीवर बसून काजूच्या बागेतलं रान कापायची कोयती घासत होते. लेक गेल्यापासून ते बारीक झाले होते. मी शाळेत शिकवलं कधीच नाही, पण ते मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणतात.

"येवा मास्तर. चाय घेतलास?"

मी परवाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, लेकीचा फोटो बघितला, अंगठ्याने पुस्तिकेची कड सारखी केली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाकळी उजवी पडली होती, मी डावी सांगितली. सांगताना मी त्यांच्याकडे न बघता कोयतीकडे बघत होतो.

"तां माका म्हायत हा," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो.

"उजवो पडललो, तां माका म्हायत हा म्हणतंय. बसा." मी बसलो. "मे महिन्यात ती देवीची ओटी भरूक तुमच्या गावाक गेलेली. तुमच्या गुरवान इचारल्यान, काय वयनी, लंका बघून इलात? माका काय हाडलात? तेव्हा तिका कळला."

मी पायरीची कड मुठीत धरली.

"थयसून सरळ हय इली. ह्याच पायरेर बसली. पयली हसली. म्हणाली, बाबा, देव उजवो देता आणि माझो घोव डावो देता." त्यांनी चष्मा काढला. "मगे रडली."

"मला का नाही बोलली?"

"मी तिका तांच म्हटलंय. आज घराक जा आणि घोवाक धरून इचार. तर म्हणाली, नाय. तेंका आपल्या तोंडान सांगू दे. ते सांगतले त्या दिवशी मी गाडी काढतलंय. कागद करून ठेवतंय, म्हणाली, म्हणजे मगे वेळ जावक नको." त्यांनी पुस्तिका मिटून मला परत दिली. "दिवाळीपर्यंत सांगतले असा तिका वाटत होता."

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तिना कधी विषय काढूकच नाय?"

भाताचं भांडं मला आठवलं. तिचा हात झाकणावर होता. किती, असं तिने विचारलं होतं, आणि मी पंधरा-वीस मिनिटं म्हणालो होतो. तिला तेव्हा माहीत होतं की पाकळी लगेच पडली आणि उजवी पडली. ती मला वाट करून देत होती.

"काढला होता," मी म्हणालो. "एकदा."

ते उठून आत गेले आणि चहा घेऊन आले. माझ्यावर राग आहे का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. चहा संपेपर्यंत आम्ही दोघे समोरच्या बागेकडे बघत बसलो. बसची वेळ झाली तेव्हा ते माझ्याबरोबर नाक्यापर्यंत आले, आणि बस दिसल्यावर म्हणाले, "गाडी बंद ठेव नकात. आठवड्यान एकदा इंजिन चालू करा, धा मिनटां. नायतर बॅटरी बसात."

मला वाटलं होतं की सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. झालं उलटंच. आधी मला वाटायचं की मी तिला एकदा फसवलं, फेब्रुवारीत, एका शब्दाने. आता मला माहीत आहे की मे ते ऑक्टोबर ती रोज माझ्यासमोर बसून चहात उंडो बुडवत होती आणि वाट बघत होती, आणि मी रोज गप्प होतो. एप्रिलची सुटी मी घालवली हे एक. पण दिवाळीची सुटी माझ्या एका वाक्यावर अडली होती, आणि त्या वाक्याला कसलाही घाट चढायचा नव्हता, समुद्र ओलांडायचा नव्हता. मेजाच्या या बाजूने त्या बाजूला ते जायचं होतं.

बहिणीला मी नंतर सांगितलं. ती माझ्यावर खूप चिडली, मग म्हणाली, "ती गेली असती रे तरीही. ते काय रस्त्यावर झालं नाही." हे ती मला धीर द्यायला म्हणाली. ते खरंही आहे. तिला जे झालं ते वर्गात झालं, खुर्चीत, आणि लंकेचे डोंगर तिने पाहिले असते तरी कदाचित तसंच झालं असतं. फक्त तिने ते पाहिले असते.

परवान्याची मुदत या जुलैत संपली. वहीत पाच खेपा लिहिलेल्या आहेत, वेळेचा रकाना कोरा आहे. गाडी दारात आहे. दर रविवारी सकाळी मी तिच्या सीटवर बसून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो आणि मग बंद करतो. मला गाडी चालवता येत नाही.